ऑडिशनला काय विचारू नये

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडायची, की आलंच शिरवळ. पुणे जिल्हा मागे राहतो, सातारा सुरू होतो. इतिहासाच्या पुस्तकात हे गाव सुभानमंगळ गढीमुळे येतं; आज महामार्गावरून जाणाऱ्याच्या नजरेत आधी भरतात ते कारखाने. गोदरेजचा कारखाना इथे आहे, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे आहे, आणि नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी दूरच्या जिल्ह्यांतून आलेली तरुण मुलं-मुली इथे खोल्या करून राहतात. त्यांच्यापैकी कुणाला नाटकाची ओढ असेल, तर उत्तरेला पन्नासएक किलोमीटरवर पुण्याचं भरत नाट्य मंदिर आहे, दक्षिणेला साताऱ्याचं शाहू कलामंदिर, आणि त्याच्याही खाली सांगलीचं विष्णुदास भावे नाट्यगृह. मराठी नाटकाचे दोन जुने मुलूख, आणि त्यांच्यामधल्या रस्त्यावर शिरवळ.

समजा, अशा मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलवर एक निरोप आला. एलजीबीटीक्यू विषयांवरच्या छोट्या नाटकांचा महोत्सव होणार आहे, नट-नट्या हव्या आहेत, रविवारी ऑडिशन. एरवी वाचणारा आधी भूमिका किती मोठी ते बघेल. या निरोपात मात्र तो दुसरंच काही शोधेल. फोटो कुठे लावणार? नाव छापणार का? ऑडिशनला कोण कोण बसलेलं असेल? घरमालकाच्या कानावर जाईल का, गावाकडे कळेल का? भूमिकेचा विचार त्यानंतर.

पुढची पानं अशा महोत्सवाची तयारी करणाऱ्या हौशी संस्थांसाठी आणि महाविद्यालयीन गटांसाठी आहेत. चार-पाच एकांकिका, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटांच्या, एका संध्याकाळी एका रंगमंचावर. लेखन, नेपथ्य, प्रकाश यांबद्दल मराठीत लिहिलेलं भरपूर सापडतं. पात्रनिवडीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. या विषयाच्या नाटकांची तर पहिली आणि सर्वांत मोठी परीक्षा तिथेच असते. नाटक माणसाच्या बाजूचं होणार की त्याची टर उडवणारं, हे बहुतेक वेळा त्या रविवारीच ठरून गेलेलं असतं.

मराठी रंगभूमीला हा प्रांत परका आहे, असं म्हणणाऱ्यांनी सांगलीचाच इतिहास पाहावा. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सीतेचं सोंग पुरुषानेच घेतलं होतं. तिथून पुढे जवळजवळ शंभर वर्षं मराठी नाटक कंपन्यांची पात्रनिवड एका प्रश्नाभोवती फिरत राहिली : नायिका कोण करणार? पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढे १९११ मध्ये ‘मानापमान’ची भामिनी, १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ची सिंधू. बालगंधर्वांच्या साड्यांची, केशरचनेची, चालण्याची नक्कल घरंदाज बायका करत, हे वाचून आजही नवल वाटतं. बळवंत संगीत मंडळीचे दीनानाथ मंगेशकरही स्त्रीभूमिका करत. ‘स्त्रीपार्टी’ नट हा कंपनीचा कणा होता. त्याला घेताना गळा पाहत, चेहरा पाहत, हाताची बोटं पाहत, चाल पाहत. त्याच्या मनात काय आहे हे कुणी विचारत नसे. आणि तशा मनाच्या माणसावर नाटकही कुणी लिहीत नसे.

तमाशाची गोष्ट वेगळी झाली. सांगली जिल्ह्याने पठ्ठे बापूराव दिले, कवलापूरच्या काळू-बाळूंचा फड दिला. वगनाट्य या भागाच्या अंगात भिनलेलं आहे. त्या वगात नाच्या आला, मावशी आली. हे सोंग प्रेक्षकाला खुदकन हसवण्यासाठी. चांगला सोंगाड्या आणि चांगली मावशी यांची जुगलबंदी ही उच्च दर्जाची कला आहे, यात शंका नाही. सिनेमाने मात्र त्यातला बायकी हातवाऱ्यांचा भाग तेवढा उचलला आणि तो वर्षानुवर्षं वापरला. कोल्हापूरचे गणपत पाटील हे त्याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण. पडद्यावरचा नाच्या त्यांनी इतका चोख केला, की लोकांनी भूमिका आणि माणूस यांत फरकच ठेवला नाही. चार माणसांसारखा संसार करणाऱ्या या नटाला आयुष्यभर हेटाळणी सोसावी लागली. थिएटरातला हशा नटाच्या मागोमाग घरापर्यंत येतो, हे पश्चिम महाराष्ट्राला शिकवायला नको. शिरवळमधला जो मुलगा ऑडिशनला यायला कचरतो, त्याला गणपत पाटलांचं नाव ठाऊक नसेलही. भीती तीच आहे.

समलिंगी माणूस हसण्यासाठी नव्हे, तर समजून घेण्यासाठी मराठी रंगमंचावर आला तो विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये. १९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनात हे नाटक झालं आणि मित्राच्या भूमिकेत होत्या रोहिणी हट्टंगडी. या नाटकातली एक जागा पात्रनिवडीचा विचार करणाऱ्याने जरूर लक्षात घ्यावी. मित्रा कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते, समोर नायिका म्हणून नमा असते, आणि तिथूनच मित्राला स्वतःची ओळख पटू लागते. म्हणजे कुणाला कोणती भूमिका दिली, यावरच या कथानकाचा सांधा उभा आहे. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७९ मध्ये, सतीश आळेकरांचं ‘बेगम बर्वे’ आलं होतं. संगीत नाटकाच्या काळात अडकलेला, बाईचं आयुष्य स्वप्नात जगणारा बर्वे चंद्रकांत काळ्यांनी उभा केला. हशा येतो तिथेही तो बर्व्याच्या अंगावर जात नाही. थिएटर अ‍ॅकॅडमीच्या त्या नटसंचात असं काय होतं, याचा अभ्यास नव्या दिग्दर्शकाने करायलाच हवा. काळे आधी गाणारे नट होते. त्यांनी बर्व्याचं गाणं गंभीरपणे घेतलं आणि त्यामुळे बर्व्याला प्रतिष्ठा मिळाली.

मित्रा मात्र शेवटी जीव देते. १९८१ मध्ये तेंडुलकरांनी तसं लिहिलं यात त्यांचा दोष काढण्याचं कारण नाही. त्यांना दिसलेलं जग तसं होतं. पण पुढची कित्येक वर्षं अशी पात्रं रंगमंचावर आणि पडद्यावर यायची ती शेवटी मरण्यासाठी, वेड लागण्यासाठी नाहीतर गाव सोडून जाण्यासाठी. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ने वेगळी वाट काढली. मुलगा समलिंगी आहे हे कळल्यावर आईचं काय होतं, याचं हे एकपात्री. मोना आंबेगावकर यांनी ते हिंदीतून ठिकठिकाणी वाचलं, सादर केलं. ना सेट, ना दिवे, एक बाई आणि तिचं बोलणं. याच विषयाला हात घालणारं सचिन कुंडलकरांचं ‘छोट्याशा सुट्टीत’ मोहित टाकळकरांनी केलं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत सातत्याने लिहिलं. मुलांना वाचायला मराठीत काहीच नाही, ही तक्रार त्यांच्यामुळे बरीचशी खोटी ठरली.

छोट्या नाटकाशी या विषयाचं नातं जगभर जुनं आहे आणि त्याला कारणं फार साधी आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९२७ साली असा कायदा झाला, की समलिंगी विषय रंगमंचावर आणला तर थिएटरला टाळं लागेल. तो १९६७ पर्यंत टिकला. मोठी थिएटरं घाबरून होती. तेव्हा जो चिनो नावाच्या माणसाने १९५८ मध्ये उघडलेल्या ‘काफे चिनो’ या छोट्या कॉफीहाउसात, टेबलांच्या मधल्या जागेत, एकांकिका होऊ लागल्या. लॅनफर्ड विल्सनची ‘द मॅडनेस ऑफ लेडी ब्राइट’ तिथेच १९६४ मध्ये झाली. उतारवयाला लागलेला, एकटा पडलेला एक समलिंगी माणूस, एक खोली. नील फ्लॅनगन या नटाने ती भूमिका दोनशेहून अधिक वेळा केली. लंडनमध्ये १९७५ साली जेवणाच्या सुट्टीत छोट्या समलिंगी नाटकांची मालिका झाली आणि त्यातून ‘गे स्वेटशॉप’ ही नाटक मंडळी उभी राहिली. जागा लहान, पैसा थोडा, नट मोजके, म्हणून नाटक छोटं. महाराष्ट्रात एकांकिकेची परंपरा तर त्याहून भक्कम आहे. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे. अनेक नटांच्या आयुष्यातली पहिली भूमिका एकांकिकेतली असते. तेव्हा साताऱ्या-सांगलीच्या गटाने हा विषय घ्यायचा तर एकांकिकेपासूनच घ्यावा, हेच नैसर्गिक.

आता मुख्य प्रश्न. समलिंगी पात्र समलिंगी नटानेच करावं का? पारलिंगी पात्र पारलिंगी व्यक्तीनेच करावं का?

२०२३ मध्ये पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावरची ‘ताली’ ही रवी जाधव यांची मालिका आली. सुश्मिता सेन यांनी गौरी केली आणि त्या निवडीवर बरीच चर्चा झाली. ती निरर्थक नव्हती. पारलिंगी नटांना सहसा कुणी बोलावतच नाही, भूमिका त्यांच्या आयुष्यावरची असली तरी. मग त्यांनी अनुभव मिळवायचा कुठे? झी मराठीच्या ‘कारभारी लयभारी’त गंगा या पारलिंगी अभिनेत्रीला काम मिळालं आणि घराघरांत लोकांनी तिला पाहिलं. दार उघडलं की माणसं येतात, एवढं त्यातून नक्की कळलं. म्हणून पारलिंगी भूमिकेसाठी आधी पारलिंगी कलाकारांपर्यंत निरोप पोचवावा, त्यांच्या संस्थांमधून पोचवावा, प्रवासखर्च द्यावा. ‘आम्ही जाहिरात दिली होती, कुणी आलं नाही’ हे उत्तर पुरेसं नाही.

समलिंगी आणि उभयलिंगी भूमिकांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो, आणि इथे या लेखणीचं मत ठाम आहे : ऑडिशनला आलेल्या कुणालाही ‘तू तसा आहेस का’ हे विचारू नये. फॉर्मवर नाही, गप्पांत नाही, चहा पिताना आडून नाही. मुंबईत किंवा न्यूयॉर्कमध्ये प्रतिनिधित्वाच्या चांगल्या हेतूने हा प्रश्न विचारला जात असेल. शिरवळला तो विचारणं म्हणजे वीस वर्षांच्या मुलाला दोनच पर्याय देणं : खोटं बोल, किंवा अनोळखी पाच जणांसमोर ते सांग, जे तू आईलाही सांगितलेलं नाहीस. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि लैंगिक कल त्याच्या गाभ्याशी आहे असं म्हटलं. पुढच्या वर्षी ६ सप्टेंबरला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सुटला. आपल्याबद्दल कधी, कुणाला, किती सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. दिग्दर्शकाला त्यातून सूट नाही.

मग प्रामाणिक अभिनय कसा ओळखायचा? उताऱ्यातून. पात्रनिवडीसाठी कोणता उतारा द्यायचा, यातच दिग्दर्शकाची नियत दिसते. भांडणाचा, रडण्याचा, ‘मी असाच आहे’ असं ओरडून सांगण्याचा उतारा दिला, तर प्रत्येक जण तेच करेल. आवाज चढेल, टाळीचं वाक्य येईल, कळणार काहीच नाही. त्यापेक्षा साधा प्रसंग द्यावा. दोन मुलगे एसटी स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट बघताहेत आणि घरच्या लग्नाबद्दल बोलताहेत. दोन मुली खोलीच्या भाड्याचा हिशेब करताहेत. प्रेमाचा शब्दही नाही. अशा प्रसंगात जो नट समोरच्याचं ऐकतो, मध्येच थांबतो, नजर कधी चोरायची आणि कधी नाही हे जाणतो, तो हवा. ज्याचा हात पहिल्याच वाक्याला मनगटातून वळतो, त्याला परत पाठवू नये. तोच प्रसंग हात टेबलावर ठेवून पुन्हा वाचायला सांगावा. पुष्कळदा खरा नट दुसऱ्या वाचनात दिसतो. पहिल्या वाचनात त्याने पाहिलेले सिनेमे दिसत असतात.

वाचन एकट्याने घेऊ नये, जोडीने घ्यावं, आणि जोड्या बदलत राहाव्यात. एकांकिकेच्या महोत्सवाचा मोठा फायदा हा, की एका नाटकात न बसलेला नट दुसऱ्यात चपखल बसतो. म्हणून सगळ्या नाटकांचे दिग्दर्शक एकाच खोलीत हवेत आणि नाही म्हणण्याआधी त्यांनी एकमेकांना विचारायला हवं. लांबून येणाऱ्या मुलीला तीनदा बोलावणं परवडत नाही. कारखान्यातल्या मुलाची पाळी असते. सुट्टीचा वार कोणता, रात्रपाळी कुणाची, परतीची गाडी कितीला, हे संहितेइतकंच लक्ष देऊन पाहावं लागतं.

स्पर्शाबद्दल स्पष्ट असावं. मिठी आहे, हात हातात घेणं आहे, चुंबन आहे, जे काही आहे ते जाहिरातीतच लिहावं. ऑडिशनमध्ये त्यातलं काहीही करून दाखवायला सांगू नये. तालमीत ते पावलापावलाने, ठरवून बसवावं, मारामारी बसवतात तसं. कुणी ‘मी हे करणार नाही’ म्हणालं, तर त्याचं कारण विचारण्याची गरज नाही. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. तेव्हा अशा जागा कागदावर नेमक्या आणि आधीच ठरलेल्या असणं संस्थेच्याही सोयीचं.

नावाचा प्रश्न राहिला. मराठी नाटकात श्रेयनामावलीला मान आहे, आणि हौशी नटाला तर स्वतःचं नाव छापून येण्याचं केवढं अप्रूप असतं! तरीही इथे प्रत्येकाला निवड द्यावी : पूर्ण नाव, फक्त पहिलं नाव, किंवा रंगमंचासाठी घेतलेलं वेगळं नाव. बालगंधर्व, सवाई गंधर्व ही नावंही जन्माची नव्हती, त्यामुळे यात कमीपणा मानू नये. फोटोचा निर्णय वेगळा घ्यावा आणि तालमीच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा विचारावा, कारण माणसाचं मन त्या काळात बदलतं. धीर वाढतो, कधी कमीही होतो. ऑडिशनचं चित्रीकरण केलं असेल तर ते कुणाकडे राहील आणि कधी पुसलं जाईल हे सांगून टाकावं. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढण्याआधी विचार करावा. त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की एवढी जपणूक करत राहिलो तर नाटकातली धग जाईल. सांगलीनेच याला उत्तर दिलेलं आहे. १९९२ मध्ये मीना सेषू यांनी सुरू केलेल्या संग्राम संस्थेतून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, आणि त्याच कामातून ‘मुस्कान’ हा पुरुष आणि पारलिंगी देहविक्रय करणाऱ्यांचा गटही. परिषदेच्या बायकांनी सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनात स्वतःच्या आयुष्यावरचं नाटक केलं. सुषमाताई म्हणजे ‘व्हय मी सावित्रीबाई’ घेऊन १९८९ पासून गावोगाव फिरलेल्या बाई. माणसांना बोलतं करण्याचा त्यांचा हातखंडा आहे. या नाटकातल्या बाया शिकलेल्या नट्या नव्हत्या. स्वतःबद्दल काय सांगायचं, किती सांगायचं याचा हक्क त्यांच्याकडे होता, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलल्या. ज्याच्यावर जबरदस्ती नाही, तोच मोकळेपणाने उभा राहतो. पारलिंगी कलाकारांना बोलावू पाहणाऱ्या गटाने आधी सांगलीला जाऊन अशा कामाची माहिती घ्यावी.

शेवटी एक अडचण, जिचा अंदाज पहिल्यांदा महोत्सव करणाऱ्यांना नसतो. तरुण भूमिकांसाठी नट मिळतात, भीती असूनही मिळतात. मिळत नाहीत ते आई-वडील. या विषयावरची बहुतेक मराठी नाटकं घरात घडतात. मुलगा किंवा मुलगी बोलते आणि खरं नाटक समोर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर चालू असतं. ‘एक माधवबाग’ तर सगळंच आईचं. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेल्या आनंदची ती गोष्ट, आणि जयश्री जगताप यांनी केलेली आई नसती तर ती अर्धी राहिली असती. अशा भूमिकेत वीस वर्षांच्या मुलीने केसांना पावडर लावून उभं राहणं हा त्या आईवर अन्याय आहे. पन्नाशीची बाई हवी, जिने खरोखर मुलाच्या लग्नाची स्वप्नं पाहिलेली आहेत. पन्नाशीचा बाप हवा, जो भावकीत मान राखून आहे.

ही माणसं महाविद्यालयाच्या फलकावरची जाहिरात वाचत नाहीत. त्यांना शोधायला भजनी मंडळात जावं लागेल, महिला बचत गटाच्या बैठकीत बसावं लागेल, जिल्हा परिषदेच्या शाळेत एकेकाळी स्नेहसंमेलनं बसवलेल्या निवृत्त शिक्षकांच्या ओट्यावर जावं लागेल. राज्य नाट्य स्पर्धेत तीस वर्षांपूर्वी काम केलेली, नंतर संसारात नाटक सुटलेली माणसं साताऱ्या-सांगलीच्या गावागावांत आहेत. त्यांच्या हाती संहिता आधी द्यावी, विषय लपवू नये, दोन दिवस विचार करायला द्यावेत. काही जण परत देतील. काही जण विचारतील, शेवटी ही आई मुलाला घरात घेते का. त्यांनी हा प्रश्न विचारला की त्यांना बसवून घ्यावं, शेवटचा प्रवेश त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावा, आणि मग तोच प्रवेश त्यांच्या आवाजात ऐकावा.